सारख्या योग्यतेचे दोन उमेदवार

प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायांतील निवडणुकीची हकीकत आपण पुष्कळदां वाचली आहे. यहूदाची जागा रिकामी झाली. बर्सबा म्हटलेला योसेफ व मत्थिया अशीं दोन नांवें पुढें आलीं. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकण्यांत आल्या आणि मत्थियाची नेमणूक झाली. ह्या दोघांत सरस कोण होता हें शास्त्र सांगत नाहीं. दोघेही योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या सहवासांत राहिलेले होते. माझें लक्ष मात्र एका निराळ्याच गोष्टीकडे जातें. त्या जागेला कसा मनुष्य पाहिजे, हें पेत्रानें नांवें निघण्यापूर्वींच सर्वांसमक्ष बोलून दाखविलें. अगोदर माप ठरलें, मग माणसें पाहिलीं. आपलें बहुधा ह्याच्या उलट होतें.

एक उमेदवार प्रामाणिक व दुसरा उघड लबाड असला, तर मतदाराच्या मनाची खरी परीक्षा होत नाहीं. ती होते दोघे तोलास तोल असतात तेव्हां. तागडीचीं पारडीं सम झालीं कीं लहानसा खडाही एक पारडें खालीं नेतो. आणि तो खडा आपल्याच हातानें पडला हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

अमेरिकेंत सन २००८ सालीं ह्याचें मोठें उदाहरण घडलें. अध्यक्षपदासाठीं डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवावयाचा होता, आणि शेवटीं बराक ओबामा व हिलरी क्लिंटन हे दोघेच उरले. दोघेही कायद्याचे पदवीधर, दोघेही सेनेटचे सभासद, आणि बहुतेक प्रश्नांवर दोघांचीं मतें सारखीं. इराकच्या युद्धाविषयीं भेद होता खरा : क्लिंटनबाईंनीं २००२ सालीं सेनेटांत युद्धाच्या अधिकारास संमति दिली होती, ओबामा तेव्हां सेनेटांत नव्हते, पण ते त्या युद्धाविरुद्ध बोलले होते. दोघांस प्रत्येकीं सुमारें पावणेदोन कोटि मतें पडलीं. न्यू हॅम्पशायरांत स्त्रियांच्या बळावर क्लिंटनबाई जिंकल्या. साऊथ कॅरोलायनांत पांच कृष्णवर्णीय मतदारांपैकीं जवळ जवळ चौघांनीं ओबामांस मत दिलें. सर्वच रंगावर चाललें असेंही नाहीं, कारण आयोवा प्रांतांत लोकवस्ति बहुतांशीं गोरी असतांही ओबामाच पहिले आले. पण त्या देशांतील कृष्णवर्णीय स्त्रीची अवस्था काय झाली असेल, हें मनांत आणा. तूं स्त्री आधीं कीं कृष्णवर्णीय आधीं, असें तिला विचारण्यांत येई; जणुं कांहीं मनुष्याचे दोन भाग करितां येतात.

ही ओढाताण नवी नव्हती. १८६९ सालीं, गुलामगिरी नष्ट झाल्यावर, कृष्णवर्णीय पुरुषांस मताधिकार देणारी घटनादुरुस्ति पुढें आली. तींत स्त्रिया वगळल्या होत्या. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामगिरींतून सुटलेला व १८४८ पासून स्त्रियांच्या मताधिकाराचा कैवारी. आमच्या लोकांची निकड अधिक आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. त्याची जुनी सहकारिणी एलिझाबेथ केडी स्टँटन हिनें विरोध केला, आणि त्या भरांत कृष्णवर्णीय पुरुषांविषयीं हीन शब्दही काढले. पुरुषांस तो अधिकार १८७० सालीं मिळाला. स्त्रियांस १९२० पर्यंत थांबावें लागलें. दाराबाहेर उभे असलेले दोघे एकमेकांशीं भांडूं लागले, म्हणजे आंत बसलेल्यास उठावें लागत नाहीं.

आमच्या मंडळींतील एका तरुणानें मला विचारलें, "पाळकसाहेब, आपला माणूस म्हणून मत देणें हा पक्षपातच नव्हे काय? याकोबाच्या पत्रांत तर तोंड पाहून वागण्याचा निषेध आहे." प्रश्न योग्य आहे. परंतु सोन्याची अंगठी पाहून पुढची बैठक देणारा, आणि पिढ्यान्‌पिढ्या पायांशीं बसविलेल्यास हात धरून वर आणणारा, ह्या दोघांस मी एका मापानें मोजूं शकत नाहीं. यरुशलेमांत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांची हेळसांड झाली, तेव्हां निवडलेल्या सातही जणांचीं नांवें ग्रीक आहेत. मात्र तेथेंही आत्मा व ज्ञान हीं अगोदर मागितलीं होतीं, हें त्या तरुणास मीं दाखविलें. शिवाय आजारासाठीं घेतलेली काठी बरें झाल्यावरही हातांतून सुटत नाहीं, आणि मग ती दुसऱ्यास मारण्याच्या कामीं येते. आपल्या देशांत जातीच्या मतांचें असें झालेलें मीं पाहिलें आहे.

आतां त्या खड्याविषयीं. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यांतील खेड्यांत कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला व २००९ सालीं तो प्रसिद्ध झाला. गांवकऱ्यांस एका पुढाऱ्याचें एकच भाषण ऐकविलें. कांहींस तें पुरुषाचें म्हणून, कांहींस स्त्रीचें म्हणून. शब्द तेच. जेथें स्त्री कधीं प्रधान झाली नव्हती, तेथील पुरुषांनीं स्त्रीला कमी कर्तबगार ठरविलें. जेथें राखीव जागेमुळें स्त्रीचा कारभार लोकांनीं पाहिला होता, तेथें हा भेद उरला नव्हता. तथापि पुढारी पुरुषच बरा, ही आवड तेथेंही बदलली नव्हती. कान सुधारला, मन मागें राहिलें. हें वाचून मी बराच वेळ पुढें वाचूं शकलों नाहीं, आणि त्याचें कारण सांगतों.

महाराष्ट्रांत २०११ पासून ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेत. मंडळीच्या पंचांस तो कायदा लागू नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे एका पंचाची जागा भरावयाची होती. एक निवृत्त शिक्षक व एक विधवा बायबलबाई, असे दोघे उभे होते. दोघांची सेवा सारख्याच वर्षांची. मीं कोणाची बाजू घेतली नाहीं. केवळ ओळख करून दिली. त्यांच्याविषयीं "अनुभवी" म्हणालों, बाईंविषयीं "श्रद्धाळू". शिक्षक निवडून आले. त्यांनीं काम चांगलें केलें, म्हणून मला कोणी दोष दिला नाहीं, आणि मींही स्वतःस दिला नाहीं.

येत्या वर्षीं ती जागा पुनः भरावयाची आहे. पंचास कोणकोणतीं कामें करावीं लागतात ह्याची यादी, नांवें निघण्यापूर्वींच, उपासनेनंतर मोठ्यानें वाचून दाखविण्याचें मीं ठरविलें आहे. ती यादी तयार करण्यास मीं त्या बाईंस विनविलें. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, ह्या वेळीं ओळख दुसऱ्या कोणास करून द्यावयास सांगा."