तीर्थ, क्रीडा आणि ‘पैसे वसूल’

‘यात्रा’ आणि ‘जत्रा’ हे मुळात एकच शब्द असून, जाणे या अर्थाच्या ‘या’ या संस्कृत धातूपासून झालेल्या शब्दाची ती अनुक्रमे तत्सम आणि तद्भव, म्हणजे जशीच्या तशी घेतलेली आणि लोकांच्या तोंडी घासून तयार झालेली, अशी दोन रूपे आहेत. तरीही आज यात्रा म्हटले की देव आठवतो आणि जत्रा म्हटले की पाळणा. एका शब्दाची ही फारकत अहिल्यानगर जिल्ह्यातील शिर्डीत जमिनीवर उतरलेली दिसते, कारण साईबाबांच्या समाधिमंदिराच्या गावातच ‘वेट एन जॉय’ हे जलक्रीडा उद्यान आणि ‘साईतीर्थ’ हे भक्तिविषयक थीम पार्क अशी दोन स्थळे संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने उभारली आहेत, आणि मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन निघालेल्या कुटुंबाचा बेत पुष्कळदा पहाटे दर्शन आणि दुसऱ्या दिवशी पाणी असाच ठरतो. या बेताला यात्रा म्हणावे की सहल, हा प्रश्न घरातली वडीलधारी माणसे अर्धवट थट्टेने विचारतात. तो गंभीरपणे घेतला तर मात्र तीर्थ म्हणजे काय, खेळ म्हणजे काय आणि आनंदाची आखणी करता येते का, अशा तीन जुन्या वादांशी त्याचे नाते लागते.

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याचा उतार असा आहे. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना असे कारण दिले आहे की यज्ञाचा खर्च राजांनाच परवडतो, म्हणून निर्धनाला तेच फळ तीर्थाला जाऊन मिळते. मात्र त्याच ठिकाणी अट घातली आहे की ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत त्यालाच हे फळ लाभते. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेविषयीच्या वचनांचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, त्यातूनही या संयमाच्या अटीचे महत्त्व स्पष्ट होते. आता तीन वर्षांच्या मुलाचे हात, पाय आणि मन यांपैकी काय ताब्यात असते, हे कोणाही पालकाला सांगावे लागत नाही. धर्मशास्त्रात ‘अधिकार’ म्हणजे हक्क नव्हे, तर एखादे कर्म करण्याची आणि त्याचे फळ भोगण्याची पात्रता. ती मुलाला मुंजीनंतर येते, आणि गौतम धर्मसूत्राने त्याच्या आधीच्या वयाला मनास येईल तसे वागण्याची, बोलण्याची आणि खाण्याची मोकळीक दिली आहे. याचा अर्थ असा की शास्त्राच्या हिशेबवहीत लहान मुलाच्या नावे पुण्यही जमा होत नाही आणि दोषही पडत नाही. उरले आईवडील, पण दर्शनाच्या रांगेत त्यांचे चित्त पाण्याच्या बाटलीत, लागलेल्या शूत आणि हरवलेल्या एका चपलेत गुंतलेले असते, तेव्हा मनोनिग्रहाची अट त्यांच्याकडूनही पाळली जात नाही, आणि कडक शास्त्रार्थाने पाहिले तर लहान मुलांसह केलेली यात्रा कोणाचीच यात्रा होत नाही.

लोकांनी हा शास्त्रार्थ कधी मनावर घेतला नाही, ही गोष्ट महत्त्वाची. नवसाचे मूल देवाच्या पायावर घातले जाते, जावळ काढायला त्याला कुलदैवताकडे नेले जाते, आणि पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांच्या यात्रेत, जिथे गाढवांचा बाजारही भरतो, मुलगा बापाच्या खांद्यावर बसूनच गडावर पोहोचतो. तिथे देऊळ आणि पाळणा एकाच आवारात असतात, गोडीशेव आणि रेवडीची पाले मंदिराच्या वाटेवरच लागतात, आणि पिपाणीच्या आवाजाने देवाची शांतता भंगते अशी तक्रार कोणी करत नाही. म्हणून, शिर्डीला पाणघसरगुंडी आली आणि तीर्थ बाटले, ही टीका इतिहासाला धरून नाही. भक्ती आणि करमणूक यांचा शेजार जत्रेइतकाच जुना आहे. फरक पडला तो पैसे देण्याच्या रीतीत, आणि तो वाटतो त्याहून खोल आहे.

जत्रेतल्या पाळण्याला फेरीगणिक पैसे पडतात. मूल ‘अजून एकदा’ म्हणते, बाप खिसा चाचपतो, आणि तिथल्या तिथे हो किंवा नाही ठरून व्यवहार मिटतो. झालेल्या फेरीचा हिशेब पुढच्या फेरीवर चढत नाही. थीम पार्कमध्ये मात्र सबंध दिवसाचे तिकीट प्रवेशद्वारावर एकदाच घ्यायचे असल्यामुळे दिवस हेच भांडवल होते, त्याचे प्रत्येक न वापरलेले मिनिट तोटा ठरते, आणि ‘पैसे वसूल’ हा दोन शब्दांचा मंत्र घरातून निघाल्यापासून कुटुंबाच्या मागे लागतो. वसुली हा महसुलाचा आणि कर्जाचा शब्द आहे. तो आनंदाला लावला की आनंद ही कोणीतरी आपली थकवलेली बाकी होऊन बसते. दुपारी तीनच्या उन्हात चार वर्षांची मुलगी ओल्या नायलॉनच्या पोहण्याच्या कपड्यांतच आईच्या मांडीवर झोपी जाते, आणि वडील मनगटावरची कागदी पट्टी चाळवत, किती राइड राहिल्या ते मोजत उभे राहतात, तेव्हा गीतेच्या विवेचनात जिला फलाशा म्हणतात, म्हणजे कर्माआधीच त्याच्या फळावर रोखलेली नजर, तिचे याहून नेमके चित्र टीकाग्रंथांतही शोधून सापडायचे नाही.

खेळाला फळ असते का, हा प्रश्न वेदान्तात थेट ईश्वराच्या संदर्भात विचारला गेला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात असा आक्षेप येतो की प्रत्येक कृतीमागे काही प्रयोजन असते, पूर्ण असलेल्या ब्रह्माला कशाचीच उणीव नाही, तेव्हा त्याने जग निर्माण करण्याचे कारणच उरत नाही. आणि त्याला उत्तर असे दिले जाते की सृष्टी ही केवळ लीला आहे. त्यावरील भाष्यात शंकराचार्य दोन दृष्टान्त देतात: ज्याच्या सर्व इच्छा पुरल्या आहेत अशा राजाचे क्रीडाविहारातील वागणे, आणि श्वासोच्छ्वास. यांपैकी पहिला दृष्टान्त नगरच्या वाचकाला कसून तपासता येतो, कारण एका राजाचा क्रीडाविहार या शहराला लागूनच उभा आहे. निजामशाहीतील फराहबाग, म्हणजे तलावाच्या मधोमध बांधलेला तो आनंदमहाल, मुर्तझा निजामशहाच्या काळात प्रथम बांधला गेला तेव्हा सुलतानाच्या पसंतीस उतरला नाही म्हणून पाडण्यात आला, आणि पुढे सलाबतखानाच्या देखरेखीखाली नव्याने उभा राहून १५८३ च्या सुमारास पुरा झाला, असे सांगितले जाते. ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्यालाही आपला आनंद मनाजोगता बांधून मिळाला नाही! आचार्यांचा राजा आदर्श होता; प्रत्यक्षातला राजा तिकीट काढून आलेल्या बापासारखाच निघाला. म्हणून दोन दृष्टान्तांत श्वासाचा अधिक टिकाऊ वाटतो, कारण श्वास घेताना कोणी वसुली करत नाही.

याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवाशाला, परंपरा ज्याला पैस म्हणते त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली, म्हणजे शके १२१२ मध्ये, गीतेवरील टीका पुरी केली. आणि ‘अमृतानुभवा’त त्यांनी मांडलेल्या विचाराला चिद्विलास असे नाव पडले, ज्याचा अर्थ असा की जग हा चैतन्यावर आलेला भ्रम नसून चैतन्याचेच विलसणे आहे. विलास या शब्दात खेळ आहेच. त्याच शतकात गोदावरीच्या काठी डोमेग्रामला राहिलेल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या तेव्हा प्रत्येक आठवणीला त्यांनी ‘लीळा’ म्हटले, मग तो उपदेश असो की साधे चालणेबोलणे. या दोन्ही परंपरांची तत्त्वज्ञाने परस्परांपासून बरीच दूर आहेत, पण खेळाला ज्ञानाच्या खालची पायरी मानण्याची घाई दोघींनीही केली नाही. शिर्डीच्या सहलीवर नाक मुरडणाऱ्या सुशिक्षित श्रद्धेने ही घाई कोठून उचलली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

लीलेची खूण मुलाच्या खेळात कोणती, असे विचारले तर उत्तर ‘परत’ या एका शब्दात मिळते. टाचेएवढ्या पाण्यात उतरणाऱ्या, मोठ्यांच्या दृष्टीने हास्यास्पद अशा छोट्या घसरगुंडीवरून मूल घसरते, उठते, वळसा घालून पुन्हा पायऱ्यांशी येते, आणि हे वीस वेळा झाल्यावरही त्याला पुढच्या राइडकडे जायचे नसते. बेताचे तर्कशास्त्र सरळ रेषेचे असते, हे झाले की ते. मुलाचे तर्कशास्त्र वर्तुळाचे असते. आणि मग लक्षात येते की उपासनेचेही तसेच आहे. समाधिमंदिरात काकड, मध्यान्ह, धूप आणि शेज अशा चार आरत्या रोज होतात, कालची आरती झाली म्हणून आजची चुकत नाही, प्रदक्षिणा जिथून निघते तिथेच संपते, आणि जपमाळेतल्या एकशे आठाव्या मण्यावर कोणी ‘झाले एकदाचे’ म्हणून माळ फेकून देत नाही. देऊळ आणि जलउद्यान यांच्यात वैर शोधणाऱ्याला दिसत नाही ते हे की पूजा आणि खेळ एका बाजूला आहेत, आणि दोघांसमोर उभे आहे ते वेळापत्रक.

तरीही मुले लहान असताना बेत न आखता निघणे ही विरक्ती नव्हे, निष्काळजीपणा होय. येथे संकल्पाची कल्पना उपयोगी पडते. संकल्प म्हणजे धर्मकृत्याच्या आरंभी हातात पाणी घेऊन देश, काळ, स्वतःचे नाव आणि गोत्र उच्चारून, आपण काय करणार आहोत हे जाहीर करणे. त्याने बांधला जातो तो फक्त करणारा. सहलीचा बेत मात्र ऊन, रस्त्यावरची कोंडी आणि पोराचे पोट या सगळ्यांना बांधू पाहतो, त्यांपैकी कोणीच हातात पाणी घेतलेले नसते, आणि म्हणून बेत मोडला की राग येतो. जिल्ह्याला २०२४ मध्ये जिचे नाव अधिकृतपणे मिळाले ती अहिल्याबाई होळकर, १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेली, काशीपासून सोमनाथपर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा आणि मंदिरे बांधून भारतभरच्या यात्रेकरूंची सोय करून गेली. तिच्याइतकी मोठी आखणी अठराव्या शतकात क्वचितच कोणी केली असेल. परंतु तिने पायरी बांधली, सावली दिली, पाणी काढून ठेवले, आणि त्या पायरीवर बसून यात्रेकरूला काय वाटावे हे त्याच्यावर सोडले. कोरड्या कपड्यांचा जोड, साखर-मिठाचे पाणी, पहाटेची रांग, दुपारची झोप आणि मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते ही आधीच करून घेतलेली चौकशी, ही सारी आखणी अहिल्याबाईंच्या जातीची. ‘या राइडवर पोरगी खूश झालीच पाहिजे’ ही फराहबागेच्या पहिल्या महालाच्या जातीची.

उंचीच्या अटीचा उल्लेख आला म्हणून जाता जाता नोंदवण्यासारखे हे की अधिकारभेदाची, म्हणजे पात्रतेनुसार कर्म ठरण्याची कल्पना आज सर्वांत शब्दशः पाळली जाते ती अशा उद्यानांत. भिंतीवर रंगवलेल्या पट्टीला पाठ लावून मूल चवड्यांवर उभे राहते, मान ताणते, श्वास रोखते, आणि टाचा टेकवायला सांगितल्या की दोन बोटांनी कमी भरते. मुंजीच्या वयाची वाट पाहणाऱ्या बटूला हा अपमान कळला असता.

‘साईतीर्थ’मध्ये बसल्या जागी देशातल्या प्रसिद्ध मंदिरांच्या प्रतिकृतींमधून फिरवून आणणारी एक सफर आहे, आणि तिच्याविषयी घेतला जाणारा आक्षेप असा की नकली देवळे पाहून खरी यात्रा होत नाही. परंतु एका तीर्थाचे नाव आणि माहात्म्य दुसऱ्यावर ठेवणे ही परंपरेची नेहमीची रीत आहे. पैठण दक्षिण काशी झाले, आणि पुराणांनी तर मानसतीर्थ, म्हणजे सत्य, क्षमा, दया अशा गुणांचेच तीर्थ मानले, ज्याला जागाच लागत नाही. शिर्डीपुरते बोलायचे तर साईबाबा जिथे राहिले ती मोडकळीस आलेली मशीद होती आणि तिला त्यांनी द्वारकामाई म्हटले, तेव्हा प्रतिरूपाची सुरुवात उद्यानाने केलेली नाही. अधिक अडचणीचा आक्षेप असा आहे की यात्रा म्हणजे जाणे, आणि येथे गाडी जाते, यात्रेकरू बसून राहतो. मात्र मढीच्या गडावर बापाच्या खांद्यावरून गेलेले मूलही बसूनच होते.

आज ज्या वास्तूपाशी या सगळ्या रांगा पोहोचतात तिचाही बेत मूळचा वेगळा होता. नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी हा दगडी वाडा राहण्यासाठी आणि आत मुरलीधराची मूर्ती बसवण्यासाठी बांधायला घेतला होता. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, बाबांनी देह ठेवला आणि मुरलीधरासाठी योजलेल्या जागी त्यांची समाधी झाली. दोन-तीन तास रांगेत सरकत कुटुंब त्या समाधीपुढे येते तेव्हा मूल बहुधा वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपलेले असते. मागून ‘चला, पुढे चला’ असा पुकारा चालू असतो, आई हलकेच ‘उठवू का?’ असे विचारते, आणि उत्तर न देता वडील खांदा किंचित खाली झुकवतात, म्हणजे झोपलेल्या कपाळाची दिशा तेवढी समाधीकडे होते.