ठेचेचा दगड

पितळ काळवंडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. बर्लिनला मुलीकडे जाताना माझ्या बॅगेत पितांबरीची दोन पाकिटं असतातच. मुलगी हसते. म्हणते, ‘आई, माझ्याकडे घासायला पितळ आहे कुठे?’ एक निरांजन, एक घंटी, संपलं. पण पितळ होतं. तिच्या इमारतीच्या दारासमोर, फूटपाथच्या फरशांमध्ये बसवलेले चार चौकोनी तुकडे. पाण्याच्या जोडणीची झाकणं असतील असं समजून पहिल्या खेपेला मी दोन आठवडे त्यांच्यावरून येजा केली.

9 नोव्हेंबरच्या संध्याकाळी शेजारपाजारची माणसं फडकी आणि मेणबत्त्या घेऊन खाली उतरली, तेव्हा जावयांनी सांगितलं. 1938 साली याच रात्री जर्मनीभर सिनेगॉग जाळले, ज्यूंची दुकानं फोडली. हे तुकडे पुढे या घरातून नेलेल्या माणसांचे. जर्मन भाषेत त्यांना ‘स्टोल्परस्टाइन’ म्हणतात, म्हणजे ठेच लागण्याचा दगड. गुंटर डेमनिग या शिल्पकाराने 1992 मध्ये हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड झाले आहेत. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, वर पितळेचा पत्रा. पत्र्यावर ठोकून उमटवलेली अक्षरं: इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं.

मी पितांबरी आणायला वर गेले. खाली येऊन चक्क फतकल मारून बसले आणि घासायला घेतलं. अक्षरं उजळत गेली. आई, वडील, दोन मुलं. धाकट्याचं जन्मसाल 1937, नेल्याचं 1943, ठिकाण ऑशविट्झ.

‘अर्धं तिकीट’, माझ्या मनात आलं. मी बत्तीस वर्षं रेल्वेत बुकिंग क्लार्क होते. खिडकीसमोर मूल उभं राहिलं की आधी वय दिसतं, मग मूल. तेव्हा मला स्वतःचाच राग आला, पण तो विचार वाटला तितका भलता नव्हता, हे दोन वर्षांनी कळलं. त्याबद्दल पुढे.

त्या रात्री झोप लागली नाही ती मात्र वेगळ्याच कारणाने. आपण वहीला पाय लागला तरी नमस्कार करतो. मेलेल्यांची नावं लोकांच्या बुटांखाली ठेवायची ही कसली रीत? हा प्रश्न फक्त आपल्या संस्कारांचा नाही. म्युनिक शहराने 2004 मध्ये सार्वजनिक जागेत हे दगड बसवायला नकार दिला. तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख, ज्या लहानपणी एका शेतकरी कुटुंबाकडे लपून वाचल्या, त्यांचा या दगडांना कडाडून विरोध. ज्यांना एकदा तुडवलं त्यांना परत तुडवायचं का, असा त्यांचा सवाल. म्युनिकमध्ये आता नावं भिंतींवर आणि खांबांवर लावतात, डोळ्यांच्या उंचीला.

मी पंढरपूरची. आमच्या देवळाच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. येणाऱ्याजाणाऱ्या संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी तिथे समाधी घेतली असं आम्ही मानतो. लोक मात्र त्या पायरीवर पाय देत नाहीत, माथा टेकतात. तेव्हा पायाखालची जागा अपमानाचीच असते असं मला म्हणता येईना. पण नामदेवांनी ती जागा मागून घेतली होती. या चौघांना कुणी विचारलं होतं?

मग आठवलं, त्याच दारासमोर आणखी एक समाधी आहे. चोखोबांची. त्यांनी ती जागा निवडली नव्हती. जन्मभर त्यांना दाराच्या आत येऊ दिलं नाही, मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली सापडून ते गेले, आणि त्यांच्या अस्थी आणून दाराबाहेरच ठेवल्या. चार पावलांवर दोन समाध्या, एक इच्छेची, एक मनाईची. आम्ही लहानपणी दोन्हींना सारखाच नमस्कार करायचो.

माझी आजी फार मायाळू बाई. आषाढीला आमच्या वाड्यात तीस-तीस वारकरी उतरायचे आणि ती पहाटेपासून भाकऱ्या थापायची. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, देऊळ अस्पृश्यांना खुलं झालं, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत आजीने देवळात पाऊल टाकलं नाही. कळसाला हात जोडायची. आणि परत फिरताना चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवायची. रोज. बोट धरून मी शेजारी असायची. तिला त्यात काही विपरीत वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बर्लिनच्या त्या रात्रीपर्यंत वाटलं नव्हतं.

जावयांनी दुसऱ्या दिवशी मला बायरिशेस फिर्टेलमध्ये नेलं. शोनेबर्गमधली ही जुनी सुखवस्तू वस्ती, आइनस्टाइन इथेच राहत. 1993 मध्ये रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नोक या दोन कलावंतांनी इथल्या विजेच्या खांबांवर 80 पाट्या लावल्या. एका बाजूला साधं चित्र, पहिलीच्या पुस्तकात असतं तसं. दुसऱ्या बाजूला नाझी काळातला एक नियम, तारखेसह. बाकाच्या चित्रामागे: ज्यूंनी चौकातल्या फक्त पिवळ्या बाकांवर बसावं. पावाच्या मागे: ज्यूंनी किराणा दुपारी चार ते पाच याच वेळात घ्यावा. मांजराच्या मागे: ज्यूंनी घरात प्राणी पाळू नयेत. पाट्या लागल्या तेव्हा त्यांचा अर्थ सांगणारं काही अजून लावलेलं नव्हतं, म्हणून रहिवाशांनी पोलिसांना फोन केले, नवनाझींचं काम आहे म्हणून. मला ही तक्रार फार आवडली. 1940 मध्ये त्याच खांबांखालून जाताना असा फोन करावासा वाटणारे किती होते कोण जाणे.

मी चार ते पाचच्या पाटीखाली बराच वेळ उभी राहिले. आमच्या वाड्यात झाडायला येणाऱ्या बाईला पाणी द्यायची वेळ ठरलेली होती, आणि ते वरून ओतायचं हेही. मी ते ओतलं आहे, सात-आठ वर्षांची असताना, ओंजळीवर, एकही शिंतोडा उडू न देता. आजीने कौतुक केलं होतं.

‘आई, तुलना करू नका,’ जावई म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. साठ लाख माणसं, वेळापत्रक आखून, कारखाने उभारून मारली. त्याच्या शेजारी दुसरं काही ठेवू नये. पण त्या पाट्यांवर कोळसे आणि भट्ट्या नाहीतच. पाट्यांवर पाव आहे, बाक आहे, मांजर आहे. तिथपर्यंत मला चालत जाता येत होतं.

एवढं सगळं पाहून, रडून, मैत्रिणींना फोनवर सांगून मी सोलापूरला परतले. आणि मे महिन्यात सही केली.

आमच्या इमारतीत बारा फ्लॅट. दुसऱ्या मजल्यावरचा एक विकायचा होता. एका मुसलमान शिक्षकांनी पसंत केला, टोकन दिलं. नवरा-बायको आणि दोन मुली, सगळे एकदा येऊन बघूनही गेले. मग सभा झाली. ठरावात कुणाच्या धर्माचा उल्लेख नव्हता, अगदी सभ्य मराठी होतं: सोसायटीतील सलोखा आणि एकसारखी राहणी टिकवण्याच्या दृष्टीने. कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. गॅसवर दूध होतं. तिसरी सही माझी आहे. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी आवाजही चढवला नाही. टोकन परत गेलं. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मी जन्मभर मुलांना ऐकवली. आपण त्याच वाटेवर मागून चालतोय हे मागच्याला कळावं लागतं, हे त्या म्हणीत कुठे आहे?

पुढच्या खेपेला बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनवर गेले, निवृत्त रेल्वेवाली म्हणून हौसेने. तिथला 17 नंबरचा फलाट आता स्मारक आहे. फलाटाच्या कडेने 186 पोलादी पट्ट्या, एकेका गाडीची एकेक. तारीख, किती ज्यू, कुठे. बर्लिनहून पहिली गाडी 18 ऑक्टोबर 1941 ला सुटली. शेवटच्या पट्टीवर 27 मार्च 1945, टेरेझिनश्टाट, 18 माणसं. हिटलर संपायला पाच आठवडे राहिले होते, शहरावर बॉम्ब पडत होते, आणि कुणीतरी बसून अठरा माणसांना पाठवण्याची कागदपत्रं पूर्ण करत होतं.

त्या गाड्यांच्या तिकिटांचं मला जावयांनी वाचून दाखवलं. राउल हिलबर्ग या इतिहासकाराने जर्मन रेल्वेचे हे हिशेब शोधून काढले. तिसऱ्या वर्गाचं भाडं, किलोमीटरला चार फेनिग. दहाच्या आतल्या मुलांना अर्धं तिकीट. चारच्या आतल्यांना माफ. चारशेपेक्षा जास्त माणसं असली तर गटाची सवलत. नेलेल्यांचं तिकीट एकेरी, पहारेकऱ्यांचं परतीचं.

मला त्या फलाटावर बसावं लागलं. छळछावण्यांचे फोटो पाहून मी रडले होते, पण ते करणारी माणसं मला माझ्यासारखी वाटली नव्हती. हे मात्र माझं टेबल होतं. सवलत लागू आहे का ते बघायचं, मुलाचं वय विचारायचं, बेरीज दोनदा तपासायची. त्या क्लार्कची बेरीज चुकली नसणार. मी तिथे असते तर माझीही चुकली नसती. दाराबाहेरच्या त्या धाकट्याचं तिकीट अर्धंच लागलं असेल, आणि कुणीतरी ते नियमाप्रमाणे लावलं असेल.

त्याच आठवड्यात जावयांचे एक ज्यू सहकारी जेवायला आले. मी त्यांना विचारलं, तुमच्यात पापाचं कसं करतात? आमच्यात पूजेच्या शेवटी क्षमा मागतात, देव देतो असं धरून चालतात. ते म्हणाले, देवाचा अपराध असेल तर योम किप्पूरचा उपास आहे. पण माणसाचा अपराध त्या दिवशीही फिटत नाही, आधी त्या माणसाकडे जाऊन त्याचं मन वळवावं लागतं. देव त्याच्या वतीने माफी देत नाही. आणि तो माणूस मेला असेल तर? तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीशी जायचं आणि त्यांच्यासमोर कबूल करायचं, असं बाराव्या शतकात मैमोनिदीस यांनी लिहून ठेवलं आहे. कबरच नसेल तर काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी पोळी मोडली आणि थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

मला आजी आठवली. चोखोबा तिला उलट काही विचारणार नव्हते. त्यांच्यासमोर वाकायला तिला काहीच मोजावं लागत नव्हतं.

यंदाही मी ते चार दगड घासले. गुडघे आता साथ देत नाहीत, नातवाने पाट आणून दिला. तो सहावीत आहे. बर्लिनमधल्या एका शाळेच्या आवारात सहावीतली मुलं दरवर्षी एकेका विटेवर एका माणसाचं नाव लिहितात आणि भिंतीत ती वीट लावतात, हजारावर विटा झाल्या आहेत. ते ऐकून आल्यापासून त्यालाही वीट हवी आहे. आपल्याच तारखेला जन्मलेला मुलगा त्याने यादीतून शोधलाय.

सोलापूरला ते शिक्षक आता आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांची बायको मला शनिवारी मंडईत दिसते. फ्लॅट बघायला आल्या होत्या तेव्हा मीच त्यांना चहा दिला होता, तो त्यांच्या लक्षात आहे. तिसरी सही कुणाची ते त्यांना माहीत नाही. त्या हसतात. मीही हसते, आणि कोथिंबिरीचा भाव विचारायला वळते.