ओढल्या जाणाऱ्याचा ब्रेक

धानाच्या हंगामात गोंदिया जिल्ह्यातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे होतात. खरेदी केंद्रावरचा कट्टा ४० किलोचा. शंभर कट्टे भरले की चार टन झाले, ट्रॉलीचे स्वतःचे वजन वेगळेच. ओढणारा ट्रॅक्टर मात्र दोन टनांच्या आसपास. त्याचे ब्रेक बहुधा मागच्या दोन चाकांनाच असतात, आणि कितीतरी ट्रॉल्यांना ब्रेक नावाची वस्तूच नसते. सपाट रस्त्यावर, हळू चालताना यात काही वावगे दिसत नाही. उतारावर चालकाने ब्रेक दाबला की चित्र पालटते. ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली थांबत नाही. आतापर्यंत ओढली जाणारी वस्तू ढकलणारी होते. त्याच वेळी वळण असेल तर ती ट्रॅक्टरला आडवे करते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर साधारण चौपट होते, त्यामुळे ‘जरा’ जोरात हाकले म्हणून ही घटना ‘जराशी’ बिघडत नाही. हा प्रश्न यंत्रशाळेतला वाटतो, पण धर्मचिंतनात तो फार जुना आहे. जो दुसऱ्याच्या मागे जातो, त्याच्यावर त्या जाण्याची जबाबदारी किती? गुरू, परंपरा, पुढारी, जमाव, यांतल्या कुणीतरी ओढले म्हणून मी गेलो, या म्हणण्याने माणूस मोकळा होतो का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. दिशा उसनी घेता येते. अंगात भरलेली गती मात्र ज्याची त्याची असते.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन नेमके हेच विचारतो: इच्छा नसतानाही, जणू कुणी बळाने जुंपल्यासारखा, माणूस पाप का करतो? कृष्ण उत्तरात बाहेरच्या कुणाचे नाव घेत नाही. काम आणि क्रोध ही आतलीच नावे सांगतो. पण त्याच अध्यायात थोडे आधी त्याने हेही सांगितलेले असते की श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे इतर लोक वागतात. म्हणजे जोडणी मान्य केली आहे, पुढच्याची जबाबदारीही मान्य केली आहे, आणि तरी मागच्याची सुटका केलेली नाही. दोन्ही विधाने एकाच अध्यायात आहेत, हे आपण सोयीने विसरतो. पुढाऱ्याला दोष द्यायचा असला की श्रेष्ठ माणसाचे विधान आठवते, अनुयायाला झोडपायचे असले की काम-क्रोधाचे.

यावर एक भारदस्त आक्षेप आहे. कठोपनिषदातल्या रथात एकच सारथी आहे, बुद्धी. मनाचा लगाम तिच्या हाती, इंद्रियांचे घोडे तिच्या ताब्यात. घोड्यांना स्वतःचा विवेक असावा, असे तिथे कुणी म्हणत नाही. मग समूहातही एका शहाण्याचे नियंत्रण पुरेसे का नसावे? हे रूपक एका माणसाच्या आतल्या व्यवस्थेचे आहे, समाजाचे नाही, हे तर आहेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट मांडणीतली आहे: घोडे सारथ्याच्या पुढे असतात. लगाम पुढे असलेल्यालाच आवरू शकतो. मागून येणाऱ्याला लगाम लावताच येत नाही, त्याला फक्त आकडा लावता येतो. आणि आकडा आज्ञा पोचवत नाही, केवळ जोर पोचवतो, तोही दोन्ही बाजूंनी.

रेल्वेने हा धडा प्राण मोजून घेतला. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्मा गावाजवळ चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे डबे दोन भागांत सोडवले गेले. मागचा भाग उताराने घरंगळत गेला आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. त्या गाडीचे ब्रेक इंजिनाशी जोडलेले असेतोवरच चालणारे होते. जोड सुटली की डबे अनाथ. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे सलग ब्रेक सक्तीचे झाले. वेस्टिंगहाउस या संशोधकाने हे तत्त्व आधीच उभे केले होते: नळीतला हवेचा दाब ब्रेक लावत नाही, सोडवून धरतो. नळी तुटली की दाब जातो आणि प्रत्येक डब्याचा ब्रेक आपापला लागतो. गोंदिया जंक्शनवरून जाणाऱ्या मालगाड्या आज याच तत्त्वावर धावतात. संप्रदायांनाही ही कसोटी लावावी. गुरू ढळला, पकडला गेला किंवा नुसता वारला, तर शिष्य जागच्या जागी थांबतात की उताराला लागतात? जिथे ते उताराला लागतात, तिथे त्यांना भक्ती शिकवली असेल, विवेक शिकवलेला नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. मागच्या प्रत्येकाने आपल्या मर्जीने ब्रेक लावायचे ठरवले तर प्रवास व्हायचा कसा? इथे गाडी ओढण्याच्या रीतींकडे नीट पाहावे. बंद पडलेली गाडी दोराने टोचन करून नेताना तिच्यात माणूस बसवावाच लागतो, कारण दोर ओढू शकतो, थोपवू शकत नाही. शिवाय इंजिन बंद असल्याने ब्रेकचे पेडल जड झालेले असते. दोन ठिकाणी पक्का जोडलेला त्रिकोणी लोखंडी दांडा असेल तर माणसाशिवाय भागू शकते. परदेशात घरासारख्या मोठ्या गाडीमागे छोटी मोटार अशीच दांड्याने बांधून नेतात. चालकाच्या रिकाम्या जागी एक यंत्र बसवतात, ते पेडल दाबते. दांडा तुटलाच तर एक तार खेचली जाऊन मोटारीचा ब्रेक आपोआप लागतो. काही ट्रेलरांत तर याहून साधी युक्ती असते: पुढची गाडी मंदावली की ट्रेलर आकड्यावर जो धक्का देतो, तोच धक्का त्याचे स्वतःचे ब्रेक दाबतो. यातले काहीही रस्ता ठरवत नाही, बंड करत नाही. आपण पुढच्याला ढकलतो आहोत, एवढी जाणीव त्यात रचलेली असते. अनुयायाचा विवेक म्हणजे मला एवढेच अभिप्रेत आहे, आणि ते शिस्तीच्या आड येत नाही.

दिशा पवित्र असेल तर ब्रेक कशाला, असेही विचारले जाते. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड भाविक दुरून येतात. तिथल्या कोया पुनेम परंपरेत गुहेत कोंडलेल्या मुलांची कथा सांगतात. तोंडावरची शिळा हिरासुका पाटालीर या वादकाच्या संगीताने हलली, मुले सुटली, आणि तीच शिळा त्याच्यावर आली. परंपरा यात बलिदान पाहते, तो तिचा अधिकार. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: हेतू निखळ होता म्हणून शिळेचे वजन कमी झाले नाही.

शरणागतीचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो सोयीतून येत नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत यावर मोठा वाद झाला: माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आई तोंडात धरून नेते, भक्ताने कोण व्हावे? मांजरीच्या पिल्लाची बाजू मला हास्यास्पद वाटत नाही. पण ती ईश्वरापुरती आहे. ज्याला ब्रेक दाबावाच लागत नाही, त्याच्या मागे बिनब्रेकचे असणे वेगळे. माणसाच्या मागे तसे असणे वेगळे. आणि गीतेतही ‘मला शरण ये’ या सांगण्याच्या तीनच श्लोक आधी कृष्ण अर्जुनाला म्हणतो की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवे तसे कर. हा क्रम उलटा असता तर अर्जुन शिष्य राहिला नसता, ट्रॉली झाला असता.

एक बाब मात्र माझ्या बाजूला अडचणीची आहे. ज्याला ब्रेक दिलाच गेला नाही, त्याचे काय? लहानपणापासून प्रश्न विचारायची बंदी असलेला, पोटासाठी मोर्च्यात नेला गेलेला माणूस आपल्या गतीला जबाबदार आहे असे म्हणणे तर्काला धरून असले तरी न्यायाला धरून नाही. अशा ठिकाणी दोष हलतो, पण तो सगळाच चालकाकडे जात नाही. बिनब्रेकच्या ट्रॉलीत शंभर कट्टे भरायला सांगून पिन अडकवून देणारा मालक तिसराच असतो, आणि तो उतारावर त्या ट्रॅक्टरवर बसलेला नसतो. अनुयायाच्या जबाबदारीची चर्चा करणाऱ्या धर्मशास्त्राने या जोडणाऱ्याला आजवर फार कमी प्रश्न विचारले आहेत.