ढोंग्याला हसावे काय?

धर्माच्या नावाने चाललेल्या ढोंगाला हसले की धर्माचाच उपमर्द होतो, असे मानणारी माणसे सर्व काळात आणि सर्व धर्मांत भेटतात. त्यांचे म्हणणे एकदम उडवून लावण्यासारखे नाही. खरा भाविक आणि रियाकार बाहेरून सारखेच दिसतात. मग खोट्यावर उगारलेली छडी खऱ्याच्या पाठीवर पडणार नाही कशावरून? सतराव्या शतकात फ्रान्समध्ये मोलिएर या नाटककाराला हाच सवाल केला गेला.

मोलिएर आपल्याला अगदीच परका नाही. आचार्य अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ त्याच्याच एका नाटकावर बेतलेले आहे. पण ज्या नाटकापायी तो पाच वर्षे छळला गेला ते ‘तार्त्युफ’. मे १६६४ मध्ये व्हर्सायच्या राजोत्सवात ते प्रथम झाले आणि लगेच धर्मपीठाच्या दबावाने त्याच्या जाहीर प्रयोगांना बंदी आली. एका पाद्र्याने तर लेखकाला जाळावे असे लिहिले. १६६७ मध्ये नाव बदलून केलेला प्रयोग एका दिवसातच थांबला. पॅरिसच्या आर्चबिशपने नाटक पाहणाऱ्यालाच नव्हे, तर वाचणाऱ्यालाही बहिष्काराची धमकी दिली. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजी रंगमंच खुला झाला.

नाटकात काय आहे? ऑर्गॉन नावाचा एक सधन गृहस्थ तार्त्युफ या कफल्लक ‘साधुपुरुषा’ला घरी आणून ठेवतो. ऑर्गॉन गावाहून परततो तेव्हा मोलकरीण दोरीन त्याला सांगते, की बाईसाहेबांना ताप होता, जेवण गेले नाही, रात्रभर डोळा लागला नाही. प्रत्येक वाक्यानंतर हा विचारतो, तार्त्युफ कसा आहे? तो चांगला लठ्ठ आहे, त्याने भरपूर खाल्ले, गाढ झोपला, असे ती सांगत जाते आणि ऑर्गॉनला दया येते ती त्याचीच! प्रेक्षक हसून बेजार होतात. पण बायकोच्या दुखण्याबद्दल एक शब्दही न विचारणारा हा माणूस दुष्ट नाही, हे ध्यानात येते तेव्हा हसू ओसरते.

मोलिएरच्या टीकाकारांना मिळालेले उत्तर मला इथे दिसते. तार्त्युफच्या अंतःकरणात काय आहे याचा निवाडा करायला तो बसतच नाही. तो घराकडे पाहतो. मुलीचे ठरलेले लग्न मोडले जाते, मुलगा घराबाहेर काढला जातो, सारी मालमत्ता परक्याच्या नावावर होते. हे मोजता येते. त्यासाठी कुणाच्या नियतीत डोकावावे लागत नाही. आणि तार्त्युफ तर तिसऱ्या अंकापर्यंत रंगमंचावर येतही नाही! पहिले दोन अंक त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचे आहेत. मोलिएर स्वतः नट होता, पण त्याने तार्त्युफची भूमिका घेतली नाही. तो ऑर्गॉन झाला. हसण्याचा रोख कुणावर होता हे यावरून समजावे.

ऑर्गॉनला आपल्या हातून काही सुटत चालले आहे याचे सुख वाटते. आई, मुले, बायको मेली तरी आपल्याला पर्वा नाही, इतके आपले मन विरक्त झाले आहे, असे तो अभिमानाने सांगतो. ढोंगी त्याला लुबाडतो खरा, पण ऑर्गॉनलाही मोबदला मिळतोच. फुकटची पारमार्थिक प्रतिष्ठा! (घरात हुकूमशाही गाजवायला धार्मिक सबबही मिळते, ती वेगळीच.)

नाटकाचा शेवट मात्र मला लंगडा वाटतो. राजाचा अधिकारी येतो आणि सारे निस्तरतो. खऱ्या घरांत असा अधिकारी क्वचितच येतो.

त्यापेक्षा त्याआधीचा प्रसंग पाहा. बायकोच्या आग्रहावरून ऑर्गॉन टेबलाखाली लपतो आणि तार्त्युफ तिच्याशी लगट करताना स्वतः ऐकतो. डोळे उघडतात. तो आपल्या म्हाताऱ्या आईला सांगायला जातो. ती म्हणते, असल्या सत्पुरुषावर लोक जळतातच. तो कळवळून सांगतो, अम्मा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिले! ती बधत नाही. दिसते ते नेहमी खरे नसते, असे ती त्यालाच ऐकवते. दोरीन बाजूला उभी राहून धन्याला आठवण देते, की काल आमचेही कुणी ऐकत नव्हते. मग दारात बेलिफ येतो, घर रिकामे करण्याची नोटीस हातात घेऊन. तेव्हा कुठे म्हातारीचे तोंड बंद होते.