दारातील छिद्र

अमेरिकेतील गेटिसबर्ग येथे १८६३ च्या जुलैत यादवी युद्धातील एक भीषण लढाई झाली. तिसऱ्या दिवशी वीस वर्षांची जेनी वेड बहिणीच्या घरी सैनिकांच्या पावासाठी पीठ मळीत असता, दोन दारे भेदून आलेल्या गोळीने तिचा प्राण घेतला. ते घर आजही जपलेले आहे; दारातील छिद्रही.

त्याच गावी हौशी मंडळी जुने गणवेश चढवून ती लढाई वठवितात. तोफा धडाडतात, माणसे कोसळतात आणि प्रयोग संपताच धूळ झटकून उठतात. मरणाचा असा खेळ मांडावा काय? नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस नाही. पवित्र सप्ताहात आपणही ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा प्रसंग उभा करतोच. मात्र तेथे पाहणाऱ्यास स्वतःच्या पापाची टोचणी लागावी अशी अपेक्षा असते; येथे तो बहुधा कोण जिंकले एवढेच पाहून घरी जातो.

जेनीच्या घराचे तरी काय? अविवाहित मुली त्या छिद्रात अनामिका घालतात. लग्न लवकर जुळते म्हणे! संत थॉमसलाही प्रभूच्या जखमेत बोट घालावयाचे होते. परंतु ती जखम कोणाची, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते.