उपासकांवाचून देव

उपासकच उरले नाहीत तर देवाचे काय होते, हा प्रश्न ज्याने मनापासून विचारला त्याच्या उत्तरातील पुष्कळ चुकांकडे काणाडोळा करावयास मी तयार असतो. परंतु 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचा २२ सप्टेंबर १९६७ रोजी प्रथम दाखविला गेलेला 'हू मोर्न्स फॉर अ‍ॅडोनेस?' हा भाग परवा पुन्हा पाहिला, तेव्हा माझ्या या औदार्याची चांगलीच कसोटी लागली.

शीर्षक शेलीने कीट्सच्या मृत्यूवर १८२१ साली लिहिलेल्या शोककाव्यातून उचललेले आहे; तेथे शोक कवीचा, येथे देवाचा. 'एंटरप्राइज' हे जहाज पोलक्स ताऱ्याच्या चौथ्या ग्रहाजवळ येते न येते तोच अवकाशातून एक अवाढव्य हिरवट हात पुढे येतो आणि पोराने खेळणे धरावे तसे ते जहाज मुठीत धरतो. तो हात अपोलोचा. ग्रीकांनी ज्यांना देव मानले ते वास्तविक पाच हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर येऊन गेलेले परग्रहवासी होते. माणसांनी पाठ फिरविल्यावर ते येथे परतले आणि एकेक करून वाऱ्यात विरून गेले, हेरा सर्वांच्या आधी. उरला तो हा एकटा, माणसे येतील म्हणून वाट पाहत. त्याच्या मते त्याचे मागणे फार नाही: जहाज सोडून खाली या, मेंढ्या राखा, माझी पूजा करा, तुमचे सारे मी पाहीन.

कथेच्या बांधणीविषयी फार लिहावे असे नाही. स्कॉटी हा प्रौढ अभियंता पॅलॅमसवरच्या प्रेमापायी पुनःपुन्हा देवाच्या अंगावर धावून जातो आणि पुनःपुन्हा आपटतो. पॅलॅमस ही पुरातत्त्वाची जाणकार अधिकारी, पण तिच्याविषयी पहिल्याच प्रसंगात डॉक्टर मॅकॉय सांगून मोकळे होतात की, मनाजोगता पुरुष मिळाला की ही नोकरी सोडणार. आणि पुढे अपोलो तिला गुलाबी ग्रीक वस्त्र नेसवितो तेव्हा तिच्या विद्वत्तेची बाबच दप्तरातून काढून टाकली जाते.

माझी खरी तक्रार युक्तिवादाविषयी आहे. अपोलोच्या छातीत एक जादा इंद्रिय आहे आणि त्याचे सामर्थ्य ग्रहावरील त्याच्या देवळातून येते, एवढे सिद्ध झाले की त्याच्या देवत्वाचा निकाल लागला असे जहाजाचा कप्तान कर्क आणि त्याचे सोबती धरून चालतात. पण समजा, ते सामर्थ्य कोठून येते याचा पत्ता लागलाच नसता, ते खरोखरच अमर्याद असते, तर त्याच्यापुढे गुडघे टेकणे योग्य ठरले असते काय? शक्तीचा उगम सापडल्याने पूज्यतेचा प्रश्न सुटत नाही, तसाच तो न सापडल्यानेही सुटत नाही. शिवाय कर्क अपोलोला बजावतो की, मानवजातीला आता अनेक देवांची गरज नाही, आम्हांला एक पुरेसा आहे. हे वाक्य श्रद्धाळू प्रेक्षकांचा मुलाहिजा राखण्यासाठी घातले असावे असा माझा तर्क आहे. पण त्यामुळे त्या एकाची रुजुवात मात्र कोणी मागत नाही.

मराठी वाचकाला येथे पंढरी आठवल्यावाचून राहणार नाही. देवाला भक्ताची गरज असते हे ऐकून आपल्याला धक्का बसत नाही. देव भावाचा भुकेला, असे आपण घरातल्या साध्या बोलण्यातही म्हणून जातो. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने वीट भिरकावली आणि कमरेवर हात ठेवून विठ्ठल तिच्यावर उभा राहिला. हातातली सेवा टाकून ये, असा हुकूम त्याने केला नाही. वाट दोघांनीही पाहिली, पण अपोलोची पहिली अट हीच की, तुम्ही तुमचे काम सोडा. त्याला नाकारण्याचे योग्य कारण हे होते, आणि ते त्या जहाजावरील एकाही बुद्धिमान माणसाला सुचत नाही.

अखेर कर्क पॅलॅमसला कर्तव्याची आठवण देऊन अपोलोला झिडकारावयास लावतो. ती त्याला तोंडावर सांगते की, तो तिच्या दृष्टीने अभ्यासाचा एक नमुना आहे, जंतूच्या एखाद्या नव्या जातीपलीकडे त्याचे मोल नाही. तो वादळ उठवितो, जहाज वरून मारा करून देऊळ वितळवून टाकते, आणि मघापर्यंत आभाळाएवढा झालेला हा देव माणसाच्या उंचीचा होऊन राखेपाशी उभा राहतो. मायकेल फॉरेस्ट या नटाने येथे जे केले आहे ते पाहण्यासारखे आहे. त्याच्या आवाजातला दरारा गळून पडतो. मागे राहतो तो, मी तुम्हांला मुलांसारखे सांभाळले असते, असे सांगणारा एक रडवेला बाप. मग आधी गेलेल्या देवांना तो हाक मारतो आणि विरळ होत होत दिसेनासा होतो. उद्ध्वस्त देवळासमोर मॅकॉयला वाईट वाटते. कर्कलाही वाटते, कारण आपली संस्कृती आणि तत्त्वज्ञान यांतले पुष्कळसे त्या देवांच्या उपासनेतून आले हे तो जाणून आहे, आणि चार लॉरेलची पाने वाहिली असती तर आपले काय गेले असते, असे तो विचारतो. हा प्रश्न त्याने देऊळ उभे असताना विचारला असता तर सबंध कथाच वेगळी झाली असती.

मालिकेतल्या उत्तम दहा भागांत मी याला बसविणार नाही. पण देवाविषयी बोलावयाचे म्हणून कोणी एकच भाग मागितला, तर मी हाच दाखवीन, आणि पहिली चाळीस मिनिटे फारशी मनावर घेऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवीन.