दार उघडंच होतं!

जॉइंट खातं उघडायला आलेल्या नवराबायकोंना आम्ही बँकवाले एक प्रश्न हमखास विचारतो. पैसे काढताना सही कोणाची? दोघांची, की दोघांपैकी कोणाचीही? बहुतेक जोडपी 'कोणाचीही' म्हणतात. मग पैसे दोघांचे आणि सही एकाची, असा संसार सुखाने चालतो.

शहर हेही एक जॉइंट खातंच. घरपट्टी भरणारा मान ताठ करून चालतो हे खरं. पण भाडेकरू ती भाड्यातून भरतो आणि काडेपेटी घेणाराही कर भरल्याशिवाय सुटत नाही. पैसे सगळ्यांचे. सही मात्र सभा संपेपर्यंत जो खुर्चीत टिकेल त्याची!

कायद्याने आपल्याकडून कसूर केलेली नाही. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना वॉर्ड समित्या नेमायला सांगितल्या. आमच्या पुण्यात २००६ साली अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवायची पद्धत सुरू झाली. फॉर्म घ्यायचा, आपल्या भागातलं लहानसं काम सुचवायचं. पदपथ म्हणा, बाकं म्हणा, दिवे म्हणा. फॉर्म म्हटला की आम्हा कारकुनांचा ऊर भरून येतो. पण फॉर्म पाहून घाबरणारी माणसंही याच शहरात राहतात.

मध्यंतरी अशी कामं ठरवायला आमच्या कॉलनीतल्या उत्साही मंडळींनी सभा बोलावली. रविवार, सकाळी अकरा. फळ्यावर सुवाच्य अक्षरात 'सर्व नागरिकांना आग्रहाचे निमंत्रण'. एकवीस डोकी जमली, त्यांतली सतरा पेन्शनर. एकमताने ठराव झाला : बागेत चार बाकं.

आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींना मी सहज विचारलं, "तुम्ही का नाही आलात?"

"अकराला? रविवारी? अहो दादा, रविवारी घरोघरी पाव्हणे. भांडी दुप्पट. तुमची सभा घासणार होती का ती?"

"आला असता तर काय मागितलं असतं?"

त्यांनी नळ बंद केला. "संडासाच्या वाटेवर दिवा. पोरीला पहाटे एकटी धाडवत नाही. रोज मी तिच्यासंगं उभी राहते."

चार बाकं आणि एक दिवा. सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, "दार उघडंच होतं की! कोणी आलं नाही तर आमचा काय दोष?"

युक्तिवाद वजनदार आहे. पण दार उघडं ठेवलं की कर्तव्य संपतं का? बँकेचं दारही उघडंच असतं. सही न येणारा खातेदार आला, तर आम्ही त्याला 'लिहायला शिकून या' म्हणत नाही. शाईचा पॅड पुढे करतो, अंगठा घेतो, साक्षीदार शोधतो, मागची रांग आम्हाला शिव्या देते त्या ऐकतो. हे काही उपकार नव्हेत. पैसे त्याचे आहेत, म्हणून त्याला जमेल त्या रीतीने व्यवहार करणं आमच्यावर बंधनकारक आहे. मग शहराच्या खात्यात ज्याचे पैसे आहेत, त्याच्या सवडीची वेळ शोधणं हा उपकार कसा?

कोणी म्हणेल, सगळ्यांना विचारत बसलं तर कामं व्हायची कधी? ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ साली अंदाजपत्रकासाठी लोकांच्या सभा घ्यायला सुरुवात केली. सभा वेगवेगळ्या भागांत जाऊन भरवल्या, आणि पैसे वाटताना ज्या भागात सोयी कमी त्याला जास्त वजन, असा हिशेब ठेवला. नुसतं 'या' म्हणण्यापेक्षा हा हिशेब अवघड खरा. पण त्यामुळे गटारं आणि पाण्याचे नळ मागणारी गरीब माणसं सभेला आली, बोलली आणि मोजलीही गेली.

मी सेक्रेटरींना सुचवलं, पुढची सभा रात्री साडेआठला घ्या, वस्तीतल्या देवळापुढे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"साडेआठला? अहो, तेव्हा घरोघरी टीव्हीवर मालिका असतात. लोक येणार नाहीत!"

मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "येते की. फक्त चहा मी करणार नाही हं, आधीच सांगून ठेवा."